सुनंदा, मी आणि मंजूर झालेलं टेम्पलेट

माझं लग्न ठरल्याचं मला सगळ्यात शेवटी कळलं. आणि तेही नवऱ्या मुलीच्या बापाकडून.

बसवकल्याणला आमचं मंगल कार्यालय आहे. मुडबीचे बसवंतराव सकाळीच दारात जीप लावून उतरले. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं, सुनंदाचं, लग्न आमच्याकडं होतं. मी हसत पुढं झालो. (गिऱ्हाईक दिसलं की हसायचं, ही माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची, शिकवण.)

"म्हेश तूच का?"

"व्हय. या की मामा, बसा."

"तू माझ्या पोरीसंगं लगीन करायलास?"

माझं हसू तोंडावरच वाळून गेलं. बसवंतरावांनी मोबाईल नाकासमोर धरला. वरती आमच्याच कार्यालयाचं नाव, आणि खाली, आमच्याकडच्या नमस्कारापासून पुढं स्वच्छ मराठीत: 'शरणु शरणार्थी! चि. महेश आणि चि. सौ. कां. सुनंदा यांच्या शुभविवाहासाठी आमच्या कार्यालयात तारीख निश्चित झाली आहे.' पुढं तारीख. आणि ती तारीख बसवंतरावांनी राखलेलीच!

हे असं का झालं, ते सांगतो. ऐकून तुम्हाला माझी दया येणार नाही. घरात कुणालाच आली नाही.

आप्पा दरवर्षी लग्नसराईच्या तोंडावर प्रत्येक गिऱ्हाईकाला फोन करून तारीख पक्की असल्याचं सांगत. त्यांचा आवाज असा की फोन नुसता निमित्ताला धरलेला असतो. आवाज तसाही पोचला असता. मी कलबुर्गीला शिकून आलेलो. म्हणालो, "आप्पा, आता हे चॅटवर आपोआप जातंय. एक बटण दाबायचं, सगळ्यांना मेसेज."

"मग दाब की."

"आधी मजकूर मंजूर करून घ्यावा लागतोय. त्याला टेम्पलेट म्हणतात. जिथं नाव बदलतंय तिथं महिरपी कंसात आकडा घालायचा. कंपनी तपासणार, मग मंजुरी."

आप्पा गार पडले. "माझं कार्यालय, माझं गिऱ्हाईक, आन् मी काय बोलायचं ते कंपनी ठरवणार?"

तरी पहिला मजकूर आप्पांनीच सांगितला: 'तारीख पक्की! एवढा मोठा हॉल, एवढं मुबलक पाणी सोडून दुसरीकडं कामून जायलाव?' तो नामंजूर झाला. कळवणं वेगळं आणि जाहिरात वेगळी, आणि ही जाहिरात आहे, असं कंपनीचं म्हणणं. दुसरा मी लिहिला, थेट नवरदेवाच्या नावानं सुरू होणारा. नामंजूर! मजकूर कंसानं सुरू करायचा नसतो म्हणे. तिसरा व्याकरणशुद्ध होता, पण भाषेच्या रकान्यात मी मराठीऐवजी कन्नड निवडलं होतं. चौथ्या वेळी कंपनीनं विचारलं, 'कंसात काय येणार त्याचा नमुना द्या.'

एव्हाना लग्नसराई दारात आली होती. आप्पा दर तासाला विचारत, "झालं का मंजूर?" त्यांचा फोन मी काढून घेतला होता ना! (मोठ्या तोरात म्हटलं होतं, "आता फोन कराल तर माझी शपथ.") दोन गिऱ्हाईकं स्वतःहून विचारून गेली, की औंदा फोन न्हाई, कार्यालय विकलं का काय? आप्पा रात्रंदिवस माझ्याकडं असं बघत, जणू कार्यालय मीच विकलंय.

नमुन्याच्या रकान्यासमोर मी घाईत बसलो. वराचं नाव? हाताला पहिलं आलं ते लिहिलं: महेश. वधूचं? त्याच दिवशी बसवंतराव मंडपाचा रंग ठरवून गेले होते, तेच डोक्यात होतं. लिहिलं: सुनंदा. कंपनीत बसलेला कोण माणूस (की यंत्र?) हे वाचणार, त्याला काय कळतंय!

आणि मंजुरी आली! अव्वानं म्हणजे माझ्या आईनं गव्हाची गोड हुग्गी शिजवली. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनंच तोल गेला असावा, कारण मी यादी जोडताना तारखांचा रकाना बरोबर जोडला आणि नावांचे दोन्ही रकाने मोकळे सोडले. रकाना मोकळा असला की तिथं नमुन्यातलं नाव जातं, ही गोष्ट त्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेली होती. बारीक अक्षरं कोण वाचतंय! मी 'सर्वांना पाठवा' दाबलं आणि हुग्गीची दुसरी वाटी घेतली.

म्हणजे झालं असं, की प्रत्येक गिऱ्हाईकाला त्याचीच तारीख गेली, फक्त त्या तारखेला लग्न माझं आणि सुनंदाचं! एकाच मुलीशी मी त्या मोसमातल्या एकूण एक मुहूर्तावर लग्न करणार होतो.

बसवंतराव बसतात न बसतात तोच फोन वाजायला लागले. "आमची तारीख पोराला दिलास व्हय रे?" "आचारी सांगून झालाय, आता मांडव काय रस्त्यात घालू?" भालकीच्या एका बाईंनी तर रडायलाच सुरुवात केली. आप्पांच्या बहिणीचा फोन आला: भावानं परस्पर लग्न ठरवलं, आत्याला विचारलं सुद्धा न्हाई! अव्वा पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली.

"कोण ही सुनंदा? कधीपासून चाललंय?"

"अव्वा, मी तिला बघितलं बी न्हाई!"

"बघितलं न्हाई आन् पत्रिका वाटायलास?"

"सगळ्यांना खुलासा पाठव आधी!" आप्पा गरजले. "चूक झाली म्हणून लिही."

"आप्पा... त्याला बी टेम्पलेट मंजूर करून घ्यावं लागतंय."

आप्पांनी आधी बसवंतरावांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कुणालाच साधं लिहिता येत न्हाई?"

"येतंय. जो आपल्याला उलटून मेसेज करील, त्यालाच."

"म्हंजे जे शिव्या देतील त्यांनाच माफी मागायची?" अव्वा म्हणाली. "मग थांबा. देऊ देत सगळ्यांना."

मी माफीचा मजकूर मंजुरीला टाकला. आप्पांनी आपला फोन माझ्या खिशातून काढून घेतला.

पण बसवंतराव उठले नव्हते. मघाचा राग जाऊन त्यांचा चेहरा आता पांढरा पडला होता, आणि ते जास्त वाईट होतं. हळू आवाजात आप्पांना म्हणाले, "अण्णा, तुमच्या यादीत कोहिनूरच्या पाव्हण्यांचा नंबर बी हाय न्हवं?"

होता. वराकडचा नंबरही आम्ही घेतोच. सुनंदा ज्याला दिली होती त्या कोहिनूर गावच्या सोमनाथच्या आजोबांचा, काशिनाथअप्पांचा. त्यांना मेसेज पोचला होता. त्यांनी वाचलाही होता. उत्तर मात्र दिलं नव्हतं. बसवंतरावांचा फोनही उचलत नव्हते.

आम्ही तिघं जीपमधून कोहिनूरला निघालो. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, आणि मला प्रत्येक तुरीत लपता येईल असं वाटत होतं. एका पोरीचं ठरलेलं लग्न माझ्या एका मोकळ्या रकान्यामुळं मोडणार होतं.

काशिनाथअप्पा ओट्यावर बसले होते, शेजारी फोन. सोमनाथ खांबाला टेकून उभा, खाली मान. आम्हाला बसा म्हणाले, पण पाणी आलं नाही, चहा आला नाही. आमच्या भागात पाव्हण्याला चहा विचारला नाही, म्हणजे पुढचं विचारूच नये.

"हा का नवरदेव?" त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं.

"न्हाई, न्हाई आजोबा! ते सॅम्पल हाय."

"सॅम्पल म्हंजे?"

"नमुना."

"आमच्या सुनंचा नमुना केलास?"

"तसं न्हाई! कंपनीला दाखवायला दोन नावं लागत्यात. मी माझं टाकलं, आन् तिचं..."

"गावात एवढी नावं असताना तिचंच कामून टाकलास?"

आप्पांनी घसा खाकरला, बसवंतरावांनी हात जोडले. ते हात बघून मला जमिनीत जावंसं वाटलं. सोमनाथनं पहिल्यांदाच मान वर केली. "आजोबा, तिलाच विचारू की."

त्यानं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सुनंदा दिसली. मीही तिला पहिल्यांदाच नीट बघत होतो. (बघत होतो म्हणजे, आप्पांनी कोपर मारेपर्यंत.) काशिनाथअप्पांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला, जसा पोलीस टॉर्च धरतो.

"पोरी, खरं सांग. ह्याला वळखतीस का?"

ती बघतच राहिली. डोळे बारीक केले. फोन जवळ घेतला, लांब धरला.

"कार्यालय बघायला गेलतो तवा खुर्च्या मोजायलते, तेच का? मला वाटलं मांडववाल्याचा माणूस हाय. आजोबा, तेवढंच. चेहरा बी ध्यानात न्हाई." मग म्हणाली, "आन् ध्यानात ठेवण्यासारखं तरी काय हाय?"

सोमनाथ आधी हसला. मग काशिनाथअप्पा. मग बसवंतराव, ते तर डोळे पुसत हसले. आणि मग आमचे आप्पा! सख्खा बाप! मांडी थोपटून हसले! मीही हसलो, कारण तेवढ्यात आतून चहा आला.

लग्न झालं; ठरल्या दिवशी, ठरल्या माणसाशी. मी खुर्च्या मोजल्या. बाकीच्या गिऱ्हाईकांना आप्पांनी एकेक करून फोन लावले. सगळे निवळले; कुणाचीच तारीख हलली नाही. माझा माफीचा मजकूर कंपनीनं नामंजूर केला, तोवर त्याची गरजही उरली नव्हती.

सगळं शांत झाल्यावर मी एकदा निवांत बसून त्या दिवशी आलेले मेसेज वाचले. माझ्या लग्नाची बातमी एकाकडून दुसऱ्याकडं जात दोन तालुक्यांत पसरली होती. कुणी तारखेवरून भांडलं होतं, कुणी जेवणाचं विचारलं होतं. वर्गमित्रांनी फक्त 'खरंच??' लिहिलं होतं. माझ्या सख्ख्या मामानं 'पोरीकडच्यांना सगळं सांगितलंय ना?' असं विचारलं होतं. एवढ्या माणसांत 'अभिनंदन' म्हणून एकानंही लिहिलं नव्हतं.

नाही, एक होता. 'अभिनंदन, महेश!' वाचून मला गहिवरून आलं. उघडला. कुठल्याशा कंपनीनं मला न मागता कर्ज मंजूर केलं होतं. पण त्यांच्या टेम्पलेटला मानलं बुवा. कंसात नाव अगदी बरोबर आलं होतं!