मोरोक्कोची बाल्कनी

व्याह्यांचा डावा पाय कठड्यापलीकडे गेला होता आणि उजवा जायच्या बेतात होता. कार पार्कच्या सातव्या मजल्यावरची उघडी गच्ची, खाली सिमेंट. शेजारच्या देशात जंगलं पेटली होती आणि धूर इतका होता की खालचं सिमेंट दिसत नव्हतं, समोरच्या ब्लॉकची इमारतही दिसत नव्हती. मी दोनदा हाक मारली, "व्याहीबुवा, खाली उतरा!" त्यांनी मान वळवली नाही. माझा आवाज खणखणीत आहे, टॅम्पिनीसला मी मुलाकडे राहते, तिथे शेजारची चिनी बाई त्याबद्दल तक्रार करून गेली आहे. दहा पावलांवरून तो ऐकू येत नाही असं होणार नाही. पण मी भिंतीबाहेर उभी होते, म्हणून त्यांना आला नाही. कुठली भिंत, ते आधी सांगावं लागेल.

माझ्या सुनेच्या वडिलांइतका मापाचा माणूस मी जन्मात पाहिला नाही. आधी मुंबईच्या गोदीत आणि मग तीस वर्षं परदेशात सेम्बावांगच्या गोदीत त्यांचं काम एकच. मोठ्या लाकडी जमिनीवर बोटीचा भाग खडूने खऱ्या आकारात आखायचा, मग त्या रेघांवरून साचे कापायचे आणि साच्यांवरून पत्रे. कागदावरच्या छोट्या नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता. "विहीणबाई, जी वस्तू खऱ्या मापात आखली नाही, ती झालीच नाही," असं ते म्हणायचे. दोरीवरचे शर्ट सारख्या अंतरावर असायचे. ताटातलं मीठ बरोबर मध्यावर नसेल तर घास उचलत नसत, ताटच फिरवून घेत. माझ्या मुलाच्या लग्नात अंतरपाट एका बाजूने दोन बोटं खाली आला म्हणून यांनी चालू मंगलाष्टकं थांबवली. भटजी म्हणाले, "मुहूर्त जातोय हो!" हे म्हणाले, "जाऊ दे, वाकड्या कापडाआड माझी मुलगी उभी राहणार नाही." अंतरपाट सरळ झाला, मग अक्षता पडल्या. मी तेव्हाच मुलाला म्हणाले, "सासरा विकत घेतलास तो फूटपट्टीसकट." मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला अशा माणसाची भीती वाटत नाही, कंटाळा येतो.

या माणसाने एवढ्या बोटी दुरुस्त केल्या, पण एकीतही बसून कुठे गेला नव्हता. आणि निवृत्तीनंतर एक दिवस रॅफल्स प्लेसजवळच्या हॉटेलात भरलेल्या घरविक्रीच्या प्रदर्शनातून खजूर खाऊन आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावर सुट्टीचं घर नोंदवून परत आला. किनारा आत्ता ओसाड आहे, पाच वर्षांत बघा, असं तिथल्या कोट घातलेल्या पोराने सांगितलं होतं. घरी माई, म्हणजे त्यांची बायको, शेंगा सोलत होती. तिने एवढंच विचारलं, "अहो, आफ्रिका ना ती? सिंह फिरतात का बाहेर?"

"उत्तरेला नाहीत," हे म्हणाले. "उत्तरेला समुद्र."

मी म्हणाले, "समुद्र पाहिजे तर बस आहे. सेम्बावांग पार्कला उतरायचं."

"तो समुद्र नव्हे विहीणबाई, ती खाडी आहे. पलीकडे मलेशिया दिसतो. ज्याच्या पलीकडे काही दिसत नाही तो समुद्र."

घराचा नकाशा तळहाताएवढा होता. तो काही त्यांना पटला नाही. त्यांच्या ब्लॉकला लागून जे कार पार्क होतं, त्याच्या सर्वांत वरच्या गच्चीवर उन्हामुळे कोणी गाडी लावत नसे. तिथे यांनी दोरी, लोखंडी टेप आणि गोदीतला जाड खडू नेऊन चार दिवसांत अख्खं घर खऱ्या मापात आखलं. दिवाणखाना, स्वयंपाकघर, तीन खोल्या. दारापाशी झाडूच्या दोन दांड्या उभ्या करून मध्ये आंब्याच्या पानांचं तोरण. मग रोज संध्याकाळी पाचला वर जाऊन ते त्या घरात राहायचे. दारात चपला काढायचे. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाताना रेघ ओलांडायचे नाहीत, वळसा घालून दारातून जायचे. मग डोळे मिटून चालायची सवय केली. आपल्या घरात माणसाला अंधारात चालता आलं पाहिजे म्हणे. माई थर्मासमधून चहा न्यायची आणि तीही दारातून आत जायची. "मला काय, चालायचंच आहे, तेवढाच व्यायाम," म्हणायची.

तीन खोल्यांतली एक त्यांची, एक मुलगी-जावयाची. तिसरी कोणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुमची. समुद्राच्या बाजूची आहे."

"मला नको. माझं टॅम्पिनीसला बरं चाललंय."

"नको तर नको. पण ती तुमचीच आहे."

मी शनिवारी सेम्बावांगला गेले की मुद्दाम चपला घालून सरळ त्यांच्या भिंतीतून चालत जायची. ते फक्त डोळे बंद करायचे. मला मजा वाटायची. कशाची वाटायची कोण जाणे.

पण काही गोष्टी मी पाहिल्या, त्या लिहिते. तुटक्या शेपटीचं एक मांजर गच्चीवर यायचं. ते तोरणाखालून आत यायचं. मी हातातल्या पिशवीने हुसकलं तर अंगावर पाणी पडल्यासारखं पळालं, पण पळतानाही रेघेवरून उडी मारली नाही, दारातून गेलं. ते झोपायचं माझ्या खोलीत. दुसरं, तिथे आठवड्याला तीनदा धो धो पाऊस, आणि प्रत्येक पावसात घर धुऊन जायचं, हे पुन्हा आखायचे. एकदा मी पावसानंतर माईसोबत वर गेले तर सगळं घर गेलेलं आणि माझी खोली तेवढी होती, पांढरी स्वच्छ, जणू आत्ता आखली. माई म्हणाली, जिन्याच्या छपराचा आडोसा असेल. मी छपराकडे पाहिलं. ते दुसऱ्या टोकाला होतं.

घर बरोबर बसलं होतं, एक बाल्कनी सोडून. गच्ची कमी पडली. बाल्कनी मापाप्रमाणे कठड्याच्या बाहेर हवेत यायची. हे त्यांना फार लागलं होतं. कठड्याला टेकून ते पलीकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, "एवढंच काम राहिलंय."

धुराच्या त्या आठवड्यात मुलगा आणि सून ऑफिसच्या कामाला परदेशी गेले होते, म्हणून मला सेम्बावांगला ठेवलं होतं. सुनेच्या माहेरी मुक्काम करायला मला आवडत नाही, पण नाइलाज होता. खिडक्या बंद, फटींना ओली फडकी. त्या दिवशी दुपारी त्यांना कंपनीचं पत्र आलं. जावयाला फोन लावून वाचून दाखवलं. किनाऱ्यावरचं काम सुरू होणार नाही, जागा तशीच पडून राहील, असा त्याचा अर्थ. व्याह्यांनी पत्राची घडी घातली, कडेला कड जुळवून. म्हणाले, "काम झालंय. मी रोज बघतो ना." आणि कपाटातून प्रवासाचे बूट काढून पायात घातले. माई देवघरात होती. पाच वाजता ते दिसेनात तेव्हा तोंडाला पदर लावून मी वर गेले.

तर भिंत ही, खडूची. मी नेहमीसारखी भिंतीबाहेर, चपला घालून उभी होते आणि ते कठड्यावर. धूर कठड्याच्या काठापर्यंत आला होता, पांढरा, सपाट, आणि पलीकडे काहीही दिसत नव्हतं. मला लाटांचा आवाज आला. खाली रस्ता असेल म्हणावं तर रस्त्याचा आवाज असा येऊन परत जात नाही.

मांजर तोरणाखाली बसून माझ्याकडे बघत होतं. मी वळसा घालून दाराशी गेले. चपला काढल्या. दिवसभर तापलेली गच्ची पायाला थंडगार लागली, फरशीसारखी. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेले, दारातूनच, आणि ओट्याची रेघ होती तिथे उभं राहून साध्या आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, चहा झालाय. निवतोय."

त्यांनी लगेच मान वळवली. "आलो."

उजवा पाय खाली, मग डावा. ते दिवाणखान्यातून आत आले आणि मला बघून थांबले.

"विहीणबाई, शेवटी घरात आलात तर."

"आले. बूट काढा. घरात बूट घालून फिरताय, तुम्हीसुद्धा."

ते ओशाळले. वाकून नाड्या सोडू लागले. बूट आणि पँटचे पाय पोटऱ्यांपर्यंत ओले होते. आठवडाभर पाऊस नव्हता. दंड घट्ट धरून मी त्यांना दारातून बाहेर काढलं. चहा खाली येऊन खरंच केला, आणि माईला एवढंच सांगितलं की हे धुरात खोकत होते.

पुढे दर शनिवारी मी दारातून जात होते. माझ्या खोलीत बसत होते, मांजराला बाजूला सारून. खोलीत वारा चांगला यायचा. वर्षभराने पार्किंगवाल्यांनी गच्चीवर नवे पिवळे पट्टे मारले आणि घर त्याखाली गेलं. व्याह्यांनी पुन्हा आखलं नाही. पट्टे सरळ आहेत, एवढं म्हणाले.

तीन वर्षांनी ते गेले, घरात, अंथरुणावर, डोकं उशीच्या बरोबर मध्यावर. माई आता पुण्याला असते. माझा मुलगा सांगतो, मोरोक्कोला त्या जागी अजून वाळूच आहे. असेल. त्या संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघं होतो, आणि दोघंही जिन्याने खाली उतरलो.