बाबांचा आवाज आणि सैल झालेला जॅक

मागच्या शनिवारी बाबांचा लॅपटॉप बंद पडला आणि घर एकदम गप्प झालं... खरंच गप्प. घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेलाय. ते टाइप करतात आणि लॅपटॉप ते मोठ्याने वाचतो.

मोबाइलवर त्यांची जाड बोटं चालत नाहीत. दोन दिवस पेपरच्या कडेला पेनने काहीबाही लिहीत होते, मग तेही थांबलं.

मी लॅपटॉप घेऊन घाटकोपरच्या एका सर्व्हिस सेंटरला गेले. "मदरबोर्ड गेला मॅडम, आता या मॉडेलचे पार्ट येत नाहीत. नवीन घ्या." पाच मिनिटांत निकाल! नव्या मशीनवर बाबांनी सगळं परत शिकायचं? वाट लागली म्हटलं...

शेवटी भांडुप स्टेशनजवळच्या पल्लवीताईंच्या छोट्याशा रिपेअरिंगच्या दुकानात गेलो. यावेळी बाबाही सोबत होते. मी भराभरा सांगायला लागले, तर ताईंनी मला थांबवलं.

"वापरतं कोण? काकाच ना? मग त्यांना सांगू दे."

"त्यांना बोलता येत नाही हो..."

"मग दाखवतील ना!"

बाबांनी चार्जरची पिन लावली आणि हलकेच डावीकडे दाबून धरली. छोटा दिवा लागला. बोट काढलं, दिवा गेला. बाबा गिरणीत फिटर होते... त्यांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलंच नव्हतं.

"बरोब्बर काका! मदरबोर्ड ठणठणीत आहे, जिथे पिन जाते तो जॅक सैल झालाय. या जुन्या मॉडेलमध्ये तो सुटा निघतो." असं म्हणून ताईंनी ड्रॉवरमधून दुसऱ्या लॅपटॉपचा काढून ठेवलेला जॅक शोधला आणि स्क्रूड्रायव्हर चक्क बाबांच्या हातात दिला.

बाबांनी एकेक स्क्रू काढून डबीच्या झाकणात ओळीने मांडला. इतकं खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासात लॅपटॉप सुरू! बाबांनी बराच वेळ काहीतरी टाइप केलं. मग तो सपाट, यांत्रिक आवाज दुकानभर मालवणीत बोलला... "आणखी एक जॅक दी गो बाय. फुडच्या वेळाक मीच बसयतलंय."

पुढच्या वेळी काका स्वतःच बसवणार म्हटल्यावर ताई हसतच सुटल्या. दुसरा जॅक त्यांनी पुडीत बांधून दिला.

थँक्यू ताई... पार्टसाठी तर आहेच, पण बाबांना विचारलंत त्यासाठी जास्त.

आत्ता हे लिहितेय तर बाबा शेजारच्यांचा बंद प्रिंटर उघडून बसलेत. मी मध्येच एक सूचना केली, तर लॅपटॉप माझ्यावरच ओरडला, "गप रव जरा!"