केस नंबर चारचं पाणी

आयने दोन काचेचे ग्लास पुढे केले. एक सुधाला, एक मला. सुधाने हात जोडले आणि गोड हसून म्हणाली, "नको हं. आम्हाला काही घ्यायची परवानगी नाही."

मग आयने माझ्याकडे पाहिलं. मीही हात जोडले. म्हटलं, "नको."

स्वतःच्या घरात. स्वतःच्या आईला.

महाडात, आमच्या वस्तीत, भर मे महिन्यात हे घडलं. मी मुंबईत समाजकार्याचं शिक्षण घेत होते, दुसऱ्या वर्षाला. शिकून झोपडपट्ट्यांत काम करायचं होतं. तिथली कितीतरी माणसं महाड-पोलादपूरकडची, म्हणून ती येतात कुठून ते दाखवायला आमचा वर्ग पंधरा दिवसांच्या शिबिराला इथे आणला होता. सुट्टी पडलेल्या शाळेत मुक्काम. रोज दोघींनी मिळून घरं करायची, प्रश्न विचारायचे, वहीत लिहायचं. एक नियम मात्र आमच्याकडून पाठच करून घेतला होता. ज्या घरी भेट द्याल तिथे काही खायचं-प्यायचं नाही. खाल्लं-प्यायलं की माया लागते आणि नोंद खोटी होते, असं बाई सांगायच्या. बाई म्हणजे आमच्या शिक्षिका.

मी इथलीच, हे वर्गात कोणाला ठाऊक नव्हतं. 'कोकणातली' एवढंच सांगितलं होतं. चार दिवस महाडात होते आणि घरी फिरकले नव्हते.

कशामुळे? सुधामुळे. सरळ सांगते, मी तिच्यावर जळत होते. तिच्या मनगटावरच्या घड्याळावर जळत होते, तिच्या वळणदार अक्षरावर जळत होते. तिला कधी कोणी विचारलं नाही, तू कुठली, कोणाची. तिचं 'नको'सुद्धा असं, की समोरच्याला वाटावं आपल्याला काहीतरी मिळालं. ते 'नको' मी वसतिगृहाच्या न्हाणीघरात म्हणून म्हणून बघितलं होतं. 'नाय'चं 'नाही' करायला मला एक वर्ष लागलं, आणि ती जन्मतःच 'नाही' म्हणत आली होती.

शिवाय शिबिराच्या गुणांवर एक जागा ठरायची होती. मुंबईच्या एका वस्तीतल्या केंद्रात, पगाराची. मला ती जीव टाकून हवी होती. सुधालाही हवी होती, बाजारातून जाताना एखादी साडी आवडावी तशी.

त्या दिवशीच्या यादीत चौथं घर आमचं निघालं. मी गप्प राहिले. वाटलं, आय कामावर गेली असेल. पण मुंबईहून शिकलेल्या पोरी येणार म्हणून तिने खाडा केला होता. शेजारणीकडून काचेचे ग्लास मागून आणले होते. दारात मला बघून तिचे डोळे क्षणभर हलले. मी वही उघडली. तिने काय समजायचं ते समजून घेतलं आणि मला म्हणाली, "बसा बाई."

मला. बाई.

सुधाने विचारलं, "मुलं किती?"

"एक पोर हाय. मुंबयला शिकते."

"काय शिकते?"

"गरिबांची कामं करायला शिकते म्हनं."

"घरी येते का?"

"टायम नाय मिलत तिला."

हे सगळं मी लिहून घेत होते. वर लिहिलं होतं, केस नंबर चार. मग पाणी आलं. मे महिन्यातलं आमचं पाणी म्हणजे सावित्री नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा खणायचा, झिरपेल तसं वाटीने हंड्यात भरायचं. आय पहाटे त्यासाठी गेली असणार. मी महाडची. पाण्याला नको म्हणण्याचा अर्थ इथे काय होतो, ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी हात जोडले. सुधाची नक्कल मला अगदी हुबेहूब साधली. आयने दोन्ही ग्लास उचलले, आत नेले आणि पाणी परत हंड्यात ओतलं. तो आवाज मी ऐकला.

दुपारी सगळ्या वर्गाला पेठेत सुधाच्या मामांकडे जेवण. ओटीवर कोकमाचं सरबत आलं. सगळ्यांनी घेतलं. बाईंनी दोनदा घेतलं. मघा हात जोडणारी सुधा तेच हात पुसत ग्लास फिरवत होती. माझ्याही हातात एक दिला.

मी विचारलं, "बाई, इथे चालतं?"

"अगं, हे आपले यजमान. ही काय केस आहे?"

डोक्यात एकदम लख्ख झालं. नियम पाण्याचा नव्हताच. नियम घरांचा होता, आणि कुठली घरं ते महाडच्या पोराटोरांनाही पाठ होतं. मी ग्लास खाली ठेवला.

"केस नंबर चार माझी आई आहे."

सुधाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. म्हणाली, "अगं, सांगायचंस ना! तुझ्यासाठी घेतलं असतं मी." इतका राग मला तिच्या 'नको'चाही आला नव्हता.

मी उठले. बाई म्हणाल्या, "आता तिथे जाऊन पाणी प्यायलीस, तर नियम मोडला असं मला लिहावं लागेल. ती जागा जाईल तुझी."

"लिहा."

उन्हातून घरी गेले. आय चुलीशी होती. काचेचे ग्लास परत करून आली होती. म्हटलं, "आय, पानी दे." तिने तांब्या भरून दिला, पण लगेच हातातून सोडला नाही.

"आता चालतं काय तुला?"

मी सगळा तांब्या प्यायले. तिने मला पोटाशी धरलं नाही. रात्री जेवायला थांब, असंही म्हणाली नाही.

जागा सुधाला मिळाली. पुढच्या लग्नसराईत तिने ती सोडलीही. ते कळलं तेव्हा मी इतकी जळले की दोन दिवस अन्न गेलं नाही. ती जळजळ अजून आहे. शहाणी माणसं सांगतात, विसर आता. मी विसरणार नाही. त्या जळजळीमुळेच मी जागी असते.

आता मीही मुंबईच्या एका वस्तीत काम करते. दरवर्षी नवी मुलंमुली वह्या घेऊन माझ्याकडे काम शिकायला येतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना एका बाईच्या झोपडीत नेऊन बसवते. ती पाणी आणते. मी त्यांच्या हातांकडे बघत राहते. जे हात जोडले जातात, त्या हातांतली वही मी तिथल्या तिथे काढून घेते. वरून पत्रं येतात, नियम मोडता म्हणून. येऊ देत. ती वही मी परत देणार नाही.