काकांचं बोट आणि नळीतली खाच

मैसुरात ठिणगीनं पोलाद कापणारी पहिली बाई मीच. दुसरी कुणी असेल तर तिनं पुढं यावं, मी तिलाही खोटं पाडीन.

आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवलं. तो धंदा बसला तेव्हा रंगाच्या शेडमध्ये मी एक जुनं स्पार्क मशीन आणून बसवलं. काकांच्या ते डोळ्यांत खुपायचं. हूटगळ्ळीच्या एका माणसाला त्यांनी मशीन द्यायचा शब्द देऊन टाकला, आणि मला सांगितलं ते नंतर, सुम्ने, म्हणजे आपलं सहज, जेवता जेवता, लोणचं वाढ म्हणावं तसं.

मी म्हटलं, मशीन हलणार नाही. नंजनगूडच्या कारखान्याचं काम हातात आहे, ते बघा आणि मग बोला. काम असं: कडक केलेल्या पोलादाची नळी, बोट जाईल एवढं भोक, आणि त्या भोकात मधोमध गोल खाच पाडायची. कानस आत वळत नाही, वळलीच तर पोलाद तिचे दात पाडतं. काका म्हणाले, हे ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. म्हटलं, त्याच्याकडे मशीन कुठंय?

नळी रॉकेलात बुडवली, दांड्यावरची तांब्याची चकती भोकात सोडली. चकती पोलादाला टेकवायची नाही, केसाएवढी फट ठेवायची. त्या फटीत ठिणग्या उडतात आणि पोलाद कुरतडतात. चकती बाजूला सरकवत, नळी फिरवत गेले. काजळी साचली की ठिणगी बसायची. मग चकती उचलायची, सोडायची, परत उचलायची, हंड्यात कापड खालीवर करतात तशी. आवाज एवढा, की टेकडीवरच्या दगडी नंदीनं मान वळवून पाहिलं.

खाच पडली. पण काका पडले रंगारी. हंड्यात बोट घातल्याशिवाय रंग जमला असं कधी म्हणायचे नाहीत. त्यांनी नळीत बोट घातलं, खाच चाचपली, हुंकार दिला. आणि बोट बाहेर येईना. ओढून ओढून पेर सुजलं, चांगलं वांग्याएवढं.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"काका, याला करवत चालत नाही. हे कापणारं एकच मशीन आहे घरात, आणि ते उद्या हूटगळ्ळीला चाललंय."

"बोटासकट कापशील काय गं?"

"पोलादाचं मी बघते. बोटाचं वचन देत नाही."

काकांनी नळीसकट हात पोटाशी धरला. मग म्हणाले, "बेड, बेड, नको गं, कापू नको. राहू दे तुझं मशीन इथंच. आधी हे काढ."

खोबरेलाची बाटली माझ्या पाठीमागंच होती. शब्द मिळाल्यावर ती मी पुढं घेतली. बोट निघालं, खाचेला ओरखडासुद्धा नाही.

हूटगळ्ळीच्या माणसाला नाही म्हणून लगेच कळवायचं होतं. काकांचं बोट फोनच्या तबकडीत मावेना. नंबर मी फिरवला.