डिझेल नव्हतं त्या दुपारची ऊब

भूतखेत, आत्मा वगैरे ऐकलं की मला हसू येतं. मी केमिस्ट्री शिकवते; पोरांना प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारायला लावते. तरी हे लिहितेय, कारण या एका ‘का’चं उत्तर माझ्याकडे नाही.

आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यातले. गेल्या थंडीत भनपुरीच्या एका छोट्या दवाखान्यात वहिनी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी... ओंजळभर. वहिनीचा रक्तस्राव थांबेना, म्हणून आई तिला घेऊन मोठ्या हॉस्पिटलला गेली. बाळ हलवण्याजोगं नव्हतं. ते इथेच वॉर्मरखाली राहिलं, आणि त्याच्याजवळ दादा अन् मी.

दुपारी लाइट गेली. जनरेटर होता, पण डिझेल नव्हतं. शहरभर टंचाई, पंपांवर ट्रकच्या रांगा. वॉर्मर बंद पडला तसा दादा कॅन घेऊन धावत सुटला.

“दीदी, बच्ची ठंडी पड़ रही है. छाती से लगाइए,” सिस्टर म्हणाली. बांधायला कापड हवं होतं. आमच्याकडे बाळाला नवं कापड लावत नाहीत, म्हणून आईनं वहिनीचं जुनं सुती पातळ धुऊन आणलं होतं. त्यानंच सिस्टरनं पोरीला माझ्या छातीशी बांधलं.

पण भीतीनं माझेच हातपाय गार पडले होते. तिचे तळवे निळसर होत चालले. “जाऊ नको वं,” एवढंच मी म्हणत होते.

आणि अचानक पातळ गरम झालं — नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखं. ओव्याच्या धुरीचा वास आला, बाळंतिणीला देतात ती. त्या खोलीत कुठली आलीय शेगडी! सिस्टरनं थर्मामीटर पुन्हा पुन्हा लावून पाहिला. “ये तो गरम हो गई!” माझे हात मात्र अजून गारच होते.

लाइट आली. पाठोपाठ आईचा फोन. वहिनी गेली होती.

“आत्ताच गेली... दोन्ही हात छातीशी धरले होते तिनं, पोट्टी घेतल्यावानी. सोडवले तरी सुटेनात.”

दादा रिकामीच कॅन घेऊन परतला. कॅनमध्ये डिझेल देत नव्हते म्हणे. मी सांगितलं तसा भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडला. “मी तिकडं लाइनीत उभा... अन् ते माही वाट पाहून राहिली असन!”

“नाई दादा,” माझ्या तोंडून निघालं, “वहिनी इथं होती.”

पोरगी आता रांगते. ते पातळ मी कितीदा अंगाशी धरून पाहिलं — साधं, गार कापड आहे. उत्तर अजून सापडलेलं नाही... पण दादाला बोलले ते मी आजतागायत मागेही घेतलेलं नाही.