मुदत संपलेला पासपोर्ट

१४ मार्च, गुरुवार. सकाळी धुकं. सिस्टरचा अर्ज परत आला. दुपारी ती जेवायला खाली आली नाही.

त्या दिवशी एवढंच लिहिलं आहे. सिस्टर म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावरची शेजारीण. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होती. निवृत्त झाली तरी सगळ्या इमारतीची सिस्टरच राहिली. लग्न केलं नाही. तीन वर्षांपूर्वी तिने इथलं नागरिकत्व घेतलं. मग तिकडे भारतात थोरली बहीण अंथरुणाला खिळली, म्हणून ओसीआय कार्डासाठी अर्ज केला. ते मिळालं की हवं तितकं राहता येतं. बहीण फोनवर म्हणायची, "ये गं बाई. भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही."

वकिलातीला तिचा जुना भारतीय पासपोर्ट रद्द करण्यासाठी हवा होता. तो तिने कात्रीने कापून कचऱ्यात टाकला होता.

"कापलात? पासपोर्ट?"

"मुदत संपली होती ना! वॉर्डात मुदत संपलेलं काही सापडलं तर मेट्रन सोलून काढायची."

"तो काय खोकल्याचं औषध होता?"

ती हसली, मग डोळे पुसले. झेरॉक्सही ठेवली नव्हती. निदान नंबर कळवा आणि प्रतिज्ञापत्र जोडा, असं पत्रात होतं.

"नंबर कुठून आणू, ताई?"

नंबर माझ्याकडे होता. तो पासपोर्ट आला त्या दिवशी ती दाखवायला आली होती आणि सवयीने मी तो डायरीत उतरवला होता.

मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे गेल्यापासून माझं दार वाजवणारी ती एकटीच.

तिसऱ्या दिवशी डायरी घेऊन जिना चढले. सिस्टरने नंबर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"परवाच आठवला असेल."

"हो."

"बसा. चहा टाकते."

कार्ड यायला अकरा आठवडे लागले. निघायच्या दिवशी सामान जिन्यात ठेवून ती माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवली. माझ्या बोटांत जोर नाही. रोज तीच उघडून द्यायची.

"घट्ट लावू नका हं, ताई."

१२ जून, बुधवार. टॅक्सी ९.२० ला आली. दिवसभर ऊन. साखरेच्या बरणीचं झाकण सवयीने घट्ट लावलं गेलं. चहा बिनसाखरेचा घेतला.