सासऱ्यांचा न जळणारा पेंढा

माझ्या सासुरवाडीची होळी मी एकदा पेटूच दिली नाही. मुद्दाम नव्हे, विज्ञानामुळे!

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं सांडपाणी सांभाळत होतो. (लग्नाच्या बैठकीत याला 'केमिस्ट' म्हणतात.) त्या पाण्यातून एक पांढरी भुकटी तळाशी बसायची. ती पाण्यात कालवून कापडावर मारली, की काडी लावली तरी कापड नुसतं काळं पडे, पण पेट घेत नसे. विषारी नाही, फुकटची, वर पर्यावरणाचं भलं! साहेबांना दाखवली, तर ते म्हणाले, "आधी नाल्याचा वास घालवा." शेवटी मी ऐकून घेणारा माणूस शोधला. माझे सासरे.

त्यांचं घर उमरठच्या पुढे, डोंगराला टेकून. दर उन्हाळ्यात वणवा पार परसापर्यंत यायचा, आणि गोठ्याला लागून पेंढ्याची रचलेली ही मोठी उडवी! बायको वैतागली. "अहो, कारखान्याची घाण आता माझ्या माहेरी न्यायची?" मी नेलीच. "आता खुशाल वणवा येऊ दे, तुमचं काही पेटायचं नाही!" असं मी सांगितलं, आणि सासऱ्यांनी जावयाचं मन राखायला मान डोलावली. अख्खी उडवी फवारून भिजवली. गोठ्यावरच्या पेंढ्याच्या छपराची पाळी येईपर्यंत भुकटी संपली.

पहिला विरोध गुरांनी केला. "जावईबापू, म्हस त्वांड लावत नाय हो!" असा सासऱ्यांचा निरोप आला. (पेंढा गुरं खातात, हे माझ्या प्रयोगात धरलेलं नव्हतं.)

शिमग्याला आम्ही गेलो, तर उडवी गायब! तिकडे होळीसाठी पोरं कुणाचंही लाकूड-गवत पळवतात. मालकानं शिव्या घालायच्या, पण अडवायचं नाही, अशी रीत.

"नेवंदे," सासरे खुशीत होते. "गुरं नायतरी खात न्हवती."

ती उडवी पेटणार नव्हती, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. होळी पेटवायचा मान सासऱ्यांच्या घराकडे, आणि त्या मानावर त्यांचे चुलतभाऊ दगडूतात्या कधीपासून डोळा ठेवून!

"मामा, एक सांगायचं होतं..."

"होळी पेटल्याव सांगा!"

दिवेलागणीला ढोल वाजले, बोंबा सुरू झाल्या. सासऱ्यांनी पेटती चूड लावली. धूर! पुन्हा लावली. आणखी धूर! रॉकेल ओतलं. रॉकेल जळून गेलं, पेंढा काळं तोंड करून तसाच! (चाचणीचा निकाल उत्कृष्ट होता, पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.)

"मानकऱ्यातच खोट हाय!" दगडूतात्या गरजले. "म्होरल्या सालापासून मान आमाला द्या!"

सासरे वाकून पुन्हा पुन्हा चूड लावत राहिले. मला ते बघवेना. मी पुढे झालो. "खोट मामांत नाही, पेंढ्यात आहे. तो जळू नये म्हणून मीच त्याला औषध मारलंय."

मग गावकीतल्या एका म्हाताऱ्याने निवाडा दिला. "जावयानं इझवली, आता जावयानंच पेंढा आनावा. पन घरचाच!"

घरचा कोरडा पेंढा आता एकाच ठिकाणी उरला होता. इस्त्रीची पँट सांभाळत मी गोठ्यावर चढलो आणि छप्पर उपसायला लागलो.

"अहो, सगळंच काढताय की काय?" बायको खालून ओरडत होती.

सगळंच लागलं! होळी अशी भडकली, की दगडूतात्या चार पावलं मागे सरले. मान राहिला.

सकाळी सासरे उघड्या गोठ्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तुमी बोल्लात तसंच झालं. आता खुशाल वणवा येवंदे, आमचं छप्पर काय पेटायचं नाय!"

आगीपासून बचावाचा माझा शंभर टक्के यशस्वी झालेला प्रयोग तेवढाच.